चिमुकल्या इंग्रजी शब्दांचे गोत्र

सन २००० मध्ये महाराष्ट्रातील मराठी शाळांतून इंग्रजी भाषा पहिल्या इयत्तेपासून शिकविण्यास प्रारंभ झाला. तेव्हापासून आपल्या पुणे शहरात, पेठांतील जुन्या वाड्यांत म्हणा की नदीपलीकडील चाळींत म्हणा, दिवेलागणीच्या वेळी एक नवाच घोष कानी पडतो. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर.' ज्या वेळी पूर्वी मुले हातपाय धुऊन परवचा म्हणत, पावकी-निमकी आणि तिथि-वार-नक्षत्रे घोकीत, त्याच वेळी आता ही इंग्रजी परवचा चालते. घोकंपट्टीची निंदा करण्याचा सांप्रत प्रघात पडला आहे. परंतु आम्ही त्या निंदकांपैकी नव्हे. पाढे पाठ केल्यावाचून हिशेब येत नाही आणि शब्द पाठ केल्यावाचून भाषा येत नाही. आमची तक्रार घोषाविषयी नसून, ज्या कागदावरून तो घोष चालतो त्या कागदाविषयी आहे.

हा कागद बहुतेक पालकांच्या परिचयाचा असेल. त्यावर दोन-तीन अक्षरी इंग्रजी शब्दांचे गट पाडलेले असतात, आणि प्रत्येक गटास 'शब्दांचे कुटुंब' असे गोंडस नाव दिलेले असते. ज्यांच्या शेवटी ए-टी ही अक्षरे येतात ते सारे एका कुटुंबातले. ज्यांच्या शेवटी यू-टी येतात ते दुसऱ्या कुटुंबातले. प्रत्येकापुढे मराठी अर्थ, तोही एकाच शब्दात. मूल तो कागद पाठ करते, आणि पालक शेजाऱ्यापाजाऱ्यांस 'आमच्या बाळूस तीनशे शब्द येतात' असे कौतुकाने सांगतात. पुढे एके दिवशी बी-यू-टी बट म्हणून पाठ झालेल्या बाळूपुढे पी-यू-टी येते. तो 'पट' म्हणतो आणि वर्गात हशा पिकतो. ज्याच्या घरी आईबाप इंग्रजी बोलतात त्याने 'पुट' हा शब्द कानांनी आधीच ऐकलेला असतो. त्याचे अडत नाही. ज्याच्या घरी तो कागद हाच इंग्रजीचा एकमेव आधार, तो मुलगा मात्र ह्या विसंगतीचा दोष भाषेस न देता आपल्या बुद्धीस देतो. 'मला इंग्रजी येणार नाही' हे वाक्य दहाव्या वर्षी एकदा मनात बसले की ते उखडून काढणे किती कठीण असते, हे कोणत्याही शिक्षकास विचारावे.

आडनाव एक म्हणून पुण्यातील सगळे जोशी काही एकमेकांचे चुलतभाऊ होत नाहीत. तशीच ह्या कागदावरील कुटुंबे. त्यांतील शब्दांची अक्षरे जुळतात, रक्त जुळत नाही. आणि ज्यांचे रक्त खरोखरच जुळते ते शब्द त्या कागदावर कोठेच शेजारी बसविलेले नसतात.

नुसती अक्षरे जाणून मनुष्य किती दूर जाऊ शकतो, ह्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. अक्षरांच्या चौकोनी सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळविण्याचा 'स्क्रॅबल' नावाचा खेळ कित्येक विद्यार्थी खेळत असतील. ते नाव त्या खेळास १९४८ साली मिळाले. त्यात निष्णात होऊ इच्छिणारे लोक दोन अक्षरी शंभराहून अधिक इंग्रजी शब्द प्रथम पाठ करतात. त्यांत क्यू-आय असाही एक शब्द आहे. त्याचा उच्चार 'ची' आणि अर्थ चिनी लोकांच्या कल्पनेप्रमाणे प्राणशक्ती. खेळणाऱ्यास उच्चार वा अर्थ ठाऊक नसला तरी गुण तेवढेच मिळतात. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स ह्यांनी २०१५ साली ह्या खेळाच्या फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धेत विजेतेपद मिळविले, आणि २०२४ साली स्पॅनिश भाषेतीलही. आणि ह्या दोन्ही भाषा त्यांस बोलता येत नव्हत्या! त्यांनी केवळ शब्दांची अक्षरे स्मरणात साठविली होती. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थोर आहे ह्यात शंका नाही. परंतु पॅरिसमध्ये पाव विकत घ्यावयाचा झाल्यास तेवढ्याने भागत नाही. आपण मुलांस खेळासाठी तयार करीत आहो की भाषेसाठी, हे पालकांनी एकदा ठरवावे.

आता अक्षरांच्या नात्याचा आणि अर्थाच्या नात्याचा भेद एका उदाहरणाने पाहू. ए, ई आणि टी ही तीनच अक्षरे घ्या. त्यांचे ई-ए-टी केले तर 'ईट', म्हणजे खाणे. ए-टी-ई केले तर 'एट', म्हणजे खाल्ले. आणि टी-ई-ए केले तर 'टी', म्हणजे चहा. तिघांची अक्षरे तीच, एकही कमी नाही की अधिक नाही. परंतु ह्यांतील तिसरा गृहस्थ परका आहे. चहाचे हे नाव चीन देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील बोलीतले. डच व्यापाऱ्यांनी तेथून गलबतांत चहा भरला, त्याबरोबर 'ते' हे नावही भरले, आणि ते इंग्लंडात उतरले. त्याच वनस्पतीस चीनच्या इतर भागांत 'चा' म्हणत. ते नाव निराळ्या वाटांनी आपल्याकडे आले आणि त्याचा आपण 'चहा' केला. म्हणजे इंग्रजांचा 'टी' आणि आपला 'चहा' ही अक्षरांनी एकमेकांस अनोळखी असलेली माणसे खरे पाहता एकाच घरची. आणि 'ईट'? तो तर आपल्या अगदी पानावरचा आहे. संस्कृतात खाणे ह्या अर्थी 'अद्' असा धातू आहे, आणि त्याच धातूपासून 'अन्न' हा शब्द झाला. आजी ज्यास अन्न म्हणते आणि नातू ज्यास ई-ए-टी ईट म्हणून घोकतो, ते शब्द एकाच मुळाचे आहेत. ही गोष्ट त्या कागदावर नाही.

ह्या दृष्टीने पाहू लागले की इंग्रजीतील ज्या अक्षरांस मुले सर्वांत अधिक भितात, ती मुकी अक्षरे बोलू लागतात. के-एन-ओ-डब्ल्यू, उच्चार 'नो', अर्थ जाणणे. येथे आरंभीच्या 'के'चे काय काम, असा प्रश्न प्रत्येक मुलगा विचारतो, आणि 'तो के सायलेंट असतो' ह्या उत्तराने त्याचे तोंड बंद होते. परंतु हा 'के' उगाच दारात बसलेला नाही. संस्कृतातील जाणणे ह्या अर्थाचा धातू 'ज्ञा', म्हणजे ज् आणि ञ ह्यांचा संयोग. त्यांतील 'ज्'च्या जागी इंग्रजीत हा 'के' आहे, आणि सतराव्या शतकापर्यंत इंग्रज लोक तो उच्चारीतही असत. गुडघ्यास के-एन-ई-ई 'नी' म्हणतात. आपण संस्कृतात 'जानु' म्हणतो, आजानुबाहू ह्या शब्दात तो सर्वांच्या ओळखीचा आहे. तेथेही तोच 'ज्', तोच 'के'. टी-डब्ल्यू-ओ 'टू' ह्यातील 'डब्ल्यू' म्हणजे 'द्वि'मधला वकार होय. 'टू'मध्ये तो मुका झाला तरी 'ट्वेल्व्ह' आणि 'ट्वेंटी' ह्या त्याच्या भावंडांत अद्याप स्पष्ट बोलतो.

आणि पाहा, 'द्वि'मध्ये द आणि 'टू'मध्ये ट. 'अद्'मध्ये द आणि 'ईट'मध्ये ट. हा योगायोग असेल काय? एस-आय-टी 'सिट', बसणे. संस्कृत 'सद्', ज्यापासून सदन आणि संसद. डब्ल्यू-आय-टी 'विट', बुद्धी. संस्कृत 'विद्', ज्यापासून विद्या आणि वेद. टी-ई-एन 'टेन'; संस्कृत 'दश'. एफ-ओ-ओ-टी 'फुट', पाऊल, संस्कृत 'पद'. सहाही ठिकाणी आपल्या द-कारास इंग्रजी ट-काराने उत्तर दिले आहे. शेवटल्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसेल, ती म्हणजे आपल्या प-काराच्या जागी त्यांचा फ-कार. पितृ आणि 'फादर', पूर्ण आणि 'फुल' ही त्याच जातीची जोडपी. तसेच आपल्या ग-काराच्या जागी त्यांचा क-कार: गो आणि सी-ओ-डब्ल्यू 'काऊ'. हा नियम याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडिताने १८२२ साली व्यवस्थित मांडला. हिमगौरी आणि सात बुटके ही गोष्ट ज्या बंधुद्वयाने संग्रहित केली त्यांतील हा थोरला बंधू. ज्याने परीकथा गोळा केल्या त्यानेच व्यंजनांचेही कायदे शोधावे, हे आम्हांस फार साजेसे वाटते.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा एका मूळ भाषेच्या कन्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यास १७८६ साली प्रतिपादन केले, आणि जर्मन व इंग्रजी ज्या शाखेतल्या ती शाखाही त्याच कुळातील असावी असे सुचविले. पुण्यास हा विषय परका नाही. रेव्हरंड जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात सुरू झालेली भाषाशास्त्रविषयक व्याख्याने १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी दिली. ते पुढे येथील डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते, आणि त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून ह्या शहरात उभी आहे. ज्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शिकविले तेथेच १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी संस्कृतचा एक महाकोश आरंभिला, ज्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ काळाच्या क्रमाने, ग्रंथांतील आधारांसह द्यावयाचा. त्यासाठी सुमारे एक कोटी नोंदींच्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. कोशाचा पहिला भाग निघण्यास १९७६ साल उजाडले. आणि त्यानंतर इतके भाग निघाले तरी काम 'अ' ह्या अक्षराच्या हद्दीत रेंगाळलेले आहे. शब्दाचा अर्थ लावणे म्हणजे कागदाच्या उजव्या बाजूस एक मराठी शब्द लिहिणे नव्हे, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा येरवड्याच्या वाटेवर दुसरा मिळणार नाही.

मुलांस गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एकाच उच्चाराची निरनिराळी अक्षरे. आय-एन 'इन' म्हणजे आत. आय-एन-एन 'इन' म्हणजे पांथस्थांची खाणावळ. बी-ई 'बी' म्हणजे असणे. बी-ई-ई 'बी' म्हणजे मधमाशी. बी-वाय 'बाय' म्हणजे कडून. बी-यू-वाय 'बाय' म्हणजे विकत घेणे. हा निव्वळ छळवाद आहे असे मुलांस वाटते. परंतु येथे एक सुरेख शिस्त आहे, आणि ती शाळेत क्वचितच सांगितली जाते. इंग्रजीत जे शब्द वाक्याची केवळ सांधेजोड करतात, आपल्याकडील प्रत्यय, अव्यय आणि साहाय्यक क्रियापदे ह्यांचे जे काम करतात, त्यांस दोन अक्षरांत मावण्याची मुभा असते. परंतु जो शब्द एखाद्या वस्तूचे, गुणाचे वा क्रियेचे नाव आहे त्यास निदान तीन अक्षरांचा पोशाख लागतो. अंड्याच्या ई-जी-जी 'एग'मध्ये जी दोनदा का, मिळविण्याच्या ए-डी-डी 'ॲड'मध्ये डी दोनदा का, ह्याचे उत्तर हेच: एकाने भागले असते, पण मग पोशाख अपुरा पडला असता.

हे ऐकून हसू येत असेल तर आपल्या घरचा कायदा आठवावा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली पुरस्कारिलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार एकाक्षरी शब्दातील इकार-उकार दीर्घ लिहावयाचा: मी, ती, ही, पी, तू, धू. का? तर शब्द लहान आहे, त्यास निदान मात्रेचे तरी वजन असावे. त्यात पुन्हा 'नि' ह्या बिचाऱ्या उभयान्वयी अव्ययास अपवाद करून ऱ्हस्व ठेवले आहे. ते पडले सांधेजोड करणारे! दोन भाषांनी एकमेकींस न विचारता आपल्या लहानग्यांची काळजी सारख्याच रीतीने वाहिली आहे.

राहिला प्रश्न बी-यू-टी आणि पी-यू-टी ह्यांचा. पूर्वी ह्या दोन्ही शब्दांत उकारच होता. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टन ह्याने १४७६ साली पहिला छापखाना घातला, आणि पुढे छापण्याच्या सोयीसाठी शब्दांची अक्षरे हळूहळू कायम झाली. बोलणे मात्र कोणाच्या छापखान्यासाठी थांबले नाही. सतराव्या शतकाच्या सुमारास त्या उकाराचा उच्चार पालटून अकारासारखा झाला. मात्र ज्यांच्या आरंभी प, ब, फ ह्यांसारखा ओठांचा वर्ण होता अशांपैकी काही शब्दांत तो जुना उकार ओठांनी धरून ठेवला: पुट, पुल, पुश, बुल, बुश, फुल. सर्वच शब्दांत धरला नाही, हे 'बट'च दाखवितो. भाषेचे कायदे शेतातल्या बांधासारखे असतात, रेल्वेच्या रुळांसारखे नव्हे. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? 'जरा थांब' ह्यातला ज आणि 'जरा-मरण' ह्यातला ज एकाच अक्षराने लिहितो, उच्चारतो निरनिराळा. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हा भेद कागदावर दिसत नाही. मराठी शिकणारा परकी मनुष्य आपल्या ह्या बारकाव्यास हसला असता तर आपण त्यास काय उत्तर दिले असते?

फार कशाला, आपल्या नगरीचेच नाव घ्या. इंग्रजांच्या कारकीर्दीतील पी-ओ-ओ-एन-ए हे रूप गेल्या शतकाच्या उत्तरार्धात टाकून आपण पी-यू-एन-ई असे लिहू लागलो, आणि तेच योग्य झाले. परंतु जे-यू-एन-ई 'जून' आणि टी-यू-एन-ई 'ट्यून' हे शब्द ज्याने कागदावरून पाठ केले आहेत असा एखादा परदेशी विद्यार्थी ह्या नावाचा 'प्यून' असाच उच्चार करील, आणि विद्येच्या माहेरघरास कचेरीतला शिपाई करून ठेवील! त्यात त्याचा काही दोष नाही. त्याने कुटुंब जुळविले. नगरीची ओळख करून घेतली नाही.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे, कारण हा लेख वाचून कोणी भलत्याच दिशेने धाव घेऊ नये. इंग्रजीतील प्रत्येक शब्द संस्कृतातूनच चोरलेला आहे असे छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. त्यांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचे नाही. इंग्रजी ही संस्कृताची कन्या नव्हे, दूरची बहीण आहे. आणि बहिणीबहिणींचे साम्य सिद्ध करावयाचे तर नियम पाळावा लागतो. डी-ए-वाय 'डे' आणि आपला 'दिवस' किती सारखे दिसतात! परंतु वरचा नियम लावून पाहा. द-काराच्या जागी इंग्रजीत ट-कार हवा होता, तो नाही. म्हणून हे नाते खोटे. दिवस ज्या मुळातून आला त्याच मुळातून 'देव' आला, आणि त्याचा खरा इंग्रजी भाऊ मंगळवारच्या 'ट्यूज्डे' ह्या नावात लपला आहे; 'टिऊ' नावाचा तो जुना जर्मानिक देव होय. पाहा, ट-कार तेथे बरोबर हजर आहे. तसेच बी-ए-डी 'बॅड' आणि बदनाम, बदलौकिक ह्यांतला 'बद'. अर्थ तोच, उच्चार जवळजवळ तोच, आणि तरीही नाते शून्य. फारसी 'बद'चे जुने रूप ब-काराने नव्हे तर व-काराने आरंभ होणारे होते. पुत्रवाचक एस-ओ-एन 'सन' ऐकून कोणास आपली 'सून' आठवेल, तर तेही चूक. 'सन'चा सोयरा संस्कृत 'सूनु' म्हणजे पुत्र. आपली सून आली ती 'स्नुषा' ह्या शब्दापासून. लेक आणि सून ह्यांची गल्लत घरात चालत नाही, मग कोशात कशी चालावी?

मुले गंमत म्हणून जी-ओ-डी हा शब्द उलटा वाचतात आणि डी-ओ-जी झाला म्हणून हसतात. त्यांस रागे भरण्यापेक्षा पुढची गोष्ट सांगावी. 'गॉड' ह्या शब्दाचे मूळ 'ज्यास हाक मारली' किंवा 'ज्यास आहुती दिली' अशा अर्थाचे असावे, असे बहुतेक भाषापंडितांचे मत आहे. आपल्या आह्वान आणि आहुती ह्या शब्दांशी त्याचे नाते लागते. आणि 'डॉग' हा शब्द कोठून आला हे इंग्रजी कोशकारांनाही सांगता आलेले नाही. कुत्र्याचा जुना इंग्रजी शब्द 'हाउंड' आपल्या 'श्वन्'चा भाऊ. त्यास बाजूस सारून हा बेवारशी 'डॉग' घरात शिरला आणि तेथेच राहिला.

काही शब्द तर आपल्याच घरून गेलेले आहेत. सी-ओ-टी 'कॉट' हा शब्द 'हॉट', 'पॉट', 'डॉट' ह्यांच्या कुटुंबात छापलेला असतो. प्रत्यक्षात तो आपली खाट होय. साहेबलोकांनी ती येथून नेली, आणि आपण तिला 'कॉट' म्हणून परत आणून तिच्यावर गादी घातली. सी-एच-आय-टी 'चिट' म्हणजे आपली चिठ्ठी, एल-ओ-ओ-टी 'लूट' म्हणजे लूटच. आणि तीन अक्षरांच्या मर्यादेत बसत नसला तरी 'मंगूस' सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो आपल्या मराठी मुंगुसावरून गेलेला आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. शब्दाचे मूळ कळले म्हणून तो वापरता येतो असे नाही. 'नो' म्हणजे 'ज्ञा' हे समजले तरी वाक्य बनविणे निराळे. हे खरेच आहे. म्हणून अर्थाविषयी दोन शब्द. इंग्रजी बोलण्यात जे शंभर शब्द सर्वांत अधिक वेळा येतात ते जवळजवळ सारे असे चिमुकले आहेत, आणि तेच सर्वांत अवघड. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत एस-ई-टी 'सेट' ह्या एका क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. कागदावर त्यापुढे 'मांडणे' एवढेच असते. 'गेट म्हणजे मिळवणे' असे पाठ केलेला मुलगा 'गेट अप' ह्याचे भाषांतर 'वर मिळवा' असे करतो, आणि तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर ज्यांच्या पिढ्या पोसल्या त्या आजोबांस ते ऐकून झीट येते. मुलास हे कसे समजवावे? आमच्या मते व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपल्या घरच्या 'लागणे'ने. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. दार लागते, डोळा लागतो, वेड लागते. भावास नोकरी लागते, बहिणीस घाटात बस लागते, भाजी खारट लागते आणि आत्या नात्याने लागते. एवढेच नव्हे तर मूल रडू लागते, तेव्हा ह्या 'लागणे'स स्वतःचा काही अर्थच उरत नाही. कोणा इंग्रज मुलास 'लागणे म्हणजे चिकटणे' असा कागद देऊन पुण्यात सोडले, तर त्याचे जे होईल तेच 'गेट'पुढे आपल्या मुलाचे होते. हे त्यास एकदा दाखविले म्हणजे 'गेट'ची भीती जाते. कारण असले मायावी शब्द आपण चौथ्या वर्षापासून बिनचूक वापरीत आलो आहो हे त्याच्या ध्यानात येते.

सहा वर्षांच्या मुलापुढे ग्रिमचा नियम मांडावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याने खुशाल कॅट-रॅट घोकावे. परंतु पाचवी-सहावीत ज्याची वाचण्याची गती जमली, आणि विशेषतः आठवीपासून जो संस्कृत घेतो, त्यास हे दार उघडून द्यावे. साधने महाग नाहीत. शाळेच्या ग्रंथालयात मोल्सवर्थ आणि कँडी ह्यांचा कोश असतो. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीस उपरोक्त विल्सनसाहेबांचा मराठी भाषेविषयीचा निबंध जोडलेला आहे. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी ह्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ पासून उपलब्ध आहे. आठवड्यास एक चिमुकला इंग्रजी शब्द घ्यावा; वहीच्या एका पानावर त्याचे अर्थ, त्याची वाक्ये, आणि सापडल्यास त्याचा घरचा सोयरा लिहावा. हे पान भरताना ज्या आईस इंग्रजी येत नाही तीही मुलाच्या शेजारी बसू शकते, आणि पुष्कळदा तिलाच पहिले उत्तर सुचते. पालकांनी तीनशे शब्दांच्या कागदाचे पैसे वाचवून त्यात एक चांगली वही आणि एक बरा कोश घेतला, तर तो खर्च अधिक सत्कारणी लागेल असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पानासाठी शब्द हवा असेल तर ओ-एक्स 'ऑक्स' घ्यावा. तीन अक्षरांचा पोशाख न करता वावरणारा हा इंग्रजीतला विरळा नामशब्द. त्याचे अनेकवचन मुले 'ऑक्सेस' असे लिहितात, आणि शिक्षक तांबड्या शाईने 'ऑक्सेन' करून 'हा अपवाद आहे, पाठ करा' असे सांगतात. परंतु संस्कृतात बैलास 'उक्षन्' म्हणतात, शेवटी नकार. सगळ्या नामांच्या मागून एस आला तेव्हाही ह्या बैलाने आपला तो पुरातन नकार सोडला नाही. 'ऑक्सेन'मध्ये तो अद्याप उभा आहे. आणि त्याच्या मानेवर जे ठेवतात ते वाय-ओ-के-ई 'योक' म्हणजे संस्कृत 'युग', ग-काराच्या जागी नियमाप्रमाणे क-कार. मराठीत त्याच युगाचे 'जू' झाले, आणि मावळातल्या शेतकऱ्याच्या घरी ते अजूनही ह्याच नावाने ओळखतात.